खंगणे म्हणजे टायर्ड नव्हे

"आजोबा खंगत चाललेत गं," आजी फोनवर म्हणाली. मी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये उभी, हातात अर्धवट जर्नल, दुसऱ्या दिवशी सबमिशन. खंगणे म्हणजे दमणे असणार, असा अंदाज बांधून मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "मग त्यांना जरा आराम करू दे ना!" आजी क्षणभर गप्प झाली. मग "बरं, जेवलीस का?" एवढं विचारून तिने फोन ठेवला.

तशी मी कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे पास होण्यापुरता विषय. इंग्रजीत मात्र मी कायम पहिली. हळूहळू कमी होण्याला माझ्याकडे डझनभर शब्द होते. चंद्र 'वेन' होतो, भरतीचं पाणी 'एब' होतं, फूल 'विदर' होतं, रंग 'फेड' होतो, गर्दी 'ड्विंडल' होते. 'पीटर आउट' तर माझा लाडका! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खाणीत खनिजाची शीर बारीक होत होत संपली की खाणकामगार असं म्हणायचे. 'डिके'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'पडणे' हे क्रियापद आहे, हेसुद्धा मला पाठ.

इंजिनिअरिंगला आल्यावर या शब्दांना फॉर्म्युले मिळाले. कपॅसिटर डिस्चार्ज होताना एका टाइम कॉन्स्टंटनंतर व्होल्टेज 37 टक्क्यांवर येतं, पाचांनंतर एका टक्क्याच्याही खाली. ऑप्टिकल फायबरमध्ये 1550 नॅनोमीटरला दर किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल अटेन्युएशन, म्हणजे 15 किलोमीटरवर निम्मी पॉवर गायब. व्हायवात मी हे सगळं धडाधड सांगितलं. एक्स्टर्नल खूश!

आणि त्या तीन आठवड्यांत मी घरी एकदाही फोन केला नाही.

एका रात्री माझी रूम पार्टनर तिच्या आईशी बोलत होती. ती खेड्यातली, मराठी मीडियमची. "गाय अजून खंगलेलीच आहे का?" असं काहीतरी म्हणाली. फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "गाय टायर्ड आहे का गं?" ती हसली. म्हणाली, "अगं, खंगणे म्हणजे आजाराने झिजत जाणं. आतून कमी कमी होत जाणं." मग माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

सकाळी पहिली एसटी पकडून मी वाईला गेले.

आजोबा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. हात वर केला की मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायचं. मला अर्थ शोधायला डिक्शनरी लागली नाही.

दुपारी मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते चक्क हसले. "वही आण," म्हणाले. मग शब्दांची उजळणी सुरू झाली. पूर ओसरतो. ताप उतरतो. विहीर आटते. फूल कोमेजतं. रंग विटतो. धोतर विरतं. सहाण झिजते. आजी आतून ओरडली, "आणि बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं! देवापुढचा दिवा विझला नाही, शांत झाला!" मला तर चक्करच आली. फुटण्याला वाढणं म्हणणारी भाषा कुठल्या फॉर्म्युल्यात बसवायची?

इंग्रजी कमी आणि मराठी भारी, असं मला म्हणायचं नाही. 'एब' आणि 'ओसरणे' दोन्ही पाणी नीट बघणाऱ्यांचेच शब्द. मी मात्र डिक्शनरी बघत होते. समुद्र बघायच्या आधी मला 'एब'चं स्पेलिंग येत होतं, आणि घरातला माणूस कमी होत असताना त्याचा शब्द येत नव्हता.

आजीने चहा आणला. आजोबांनी कप बाजूला ठेवला. "निवू दे जरा."

मी वहीत 'निवणे' लिहिलं. मग धीर करून विचारलं, "आजोबा, तुमच्यासाठी कुठला शब्द लिहू?"

ते कपाकडे बघत राहिले. "तुझी आजी म्हणते खंगतोय. तू निवतोय असं लिही."

परतीच्या एसटीत मला न्यूटनचा कूलिंगचा नियम आठवला. कर्व्ह तोच, कपॅसिटरसारखा. आधी भरभर, मग अगदी सावकाश. फरक इतकाच की डिस्चार्ज होणारा कपॅसिटर शून्याकडे जातो आणि चहा खोलीच्या तापमानाकडे. घरात जेवढी ऊब असेल, तिथवर येऊन तो थांबतो.

आता मी दर शनिवारी फोन करते. आजोबा दोन-तीन वाक्यंच बोलतात, पण एक नवीन शब्द नक्की देतात. वहीची सतरा पानं भरली आहेत.

मित्रांनो, घरचा फोन आला आणि एखादा शब्द अडला, तर माझ्यासारखा अंदाज बांधू नका. लगेच विचारा. सबमिशन काय, एक्स्टेंड करून मिळतं.