चार्जमधली गाडी

पोलीस दलात गाडीला नाव नसतं, नंबरप्लेटवरचे शेवटचे आकडे असतात. "बावीस-चाळीस निघाली का?" "न्हाय, ती एमटीला लागलीय." एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट, जिल्हा पोलीस दलाचा वाहन विभाग. सांगलीच्या पोलीस लाइनीत संध्याकाळी ओट्याओट्यावर अशी वाक्यं कानावर पडत. आमचे वडील, अण्णा, त्याच विभागात चालक हवालदार होते. आईचा धाकटा भाऊ साताऱ्याच्या पोलीस दलात; त्याची बरीच नोकरी मुख्यालयाच्या शस्त्रागारात आणि पुढे जावळीतल्या मेढा ठाण्यात गेली. एकाच्या नावावर गाडी, दुसऱ्याच्या नावावर रायफल. दिवाळीला दोघं एकत्र आले की फराळ संपेपर्यंत हेच दोन विषय. सरकारी वस्तूवर पोलिसाचा जीव कसा जडतो आणि तिच्यापायी त्याला घोर कसा लागतो, हे मी त्या बोलण्यातून ऐकत मोठी झाले.

गाडीचा चार्ज घेताना रजिस्टरवर एकेक वस्तू लिहिलेली असते. जॅक, टॉमी, पाने, स्टेपनी, प्रथमोपचाराची पेटी. खाली सही करायची. एकदा सही झाली की वस्तू हरवो, मोडो, जबाब त्या माणसाने द्यायचा. म्हणून अण्णांना सहीची घाई कधीच नसे. ते बॉनेट उघडून डिपस्टिक बाहेर काढत, फडक्याने पुसून परत घालत, पुन्हा काढत आणि ऑइलचा थेंब अंगठा-तर्जनीत चोळून बघत. बोटांना कचकच लागली की कपाळाला आठी पडे. टायरची बाहेरची नक्षी सगळेच बघतात. अण्णा जमिनीवर आडवे होऊन आतली कड चाचपत. अलाइनमेंट बिघडलेली गाडी टायर आतून खाते आणि बाहेरून शहाण्यासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं. स्टेपनीला लाथ मारून हवा तपासणाऱ्या चालकाला ते चालक मानत नसत.

रजिस्टरवर नसलेल्या वस्तूही त्या गाडीत असत. सीटखाली जादा फॅनबेल्ट, फ्यूज, एक जाड दोर आणि सुताराकडून करून घेतलेला लाकडी ठोकळा. चढावर गाडी उभी केली की हँडब्रेकवर भिस्त न ठेवता तो ठोकळा चाकाखाली जायचा. या वस्तू स्वतःच्या खिशातून आलेल्या. बदली झाली की चालक त्या पिशवीत भरून घेऊन जातो. गाडी कागदोपत्री पूर्ण असते, पण नव्या माणसाच्या ताब्यात येते ती थोडी गरीब होऊन. लॉगबुकात किलोमीटर येतात, डिझेल येतं. हे मात्र कुठेच येत नाही.

सांगली जिल्ह्याच्या एका अंगाला कृष्णाकाठचा ऊस आणि दुसऱ्या अंगाला जत. जतच्या पुढे उमदी, उमदीच्या पुढे कर्नाटकाची हद्द. तिथे एका ठाण्याची हद्द इतकी पसरलेली की रात्री वर्दी आली तर गाव येईपर्यंत गाडीने बराच वेळ धूळ खाल्लेली असते. अण्णा त्या भागात असताना एअर फिल्टर काढून झटकल्याशिवाय चहाला बसत नसत. मामाचं उलट. साताऱ्याच्या पश्चिम अंगाला, पाटण-कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या बाजूला, पावसाळ्यात ब्रेक ओले होतात आणि धुक्यात हेडलाइटचा उजेड तोंडावर परत येतो. "दाजी, तुमच्या जतात गाडी तापून बंद पडती, आमच्याकडं भिजून," मामा म्हणायचा. अण्णांचं उत्तर ठरलेलं: "पाव्हणं, बंद पडली तरी चालंल, पर कुठं पडायची ते तिनं आदी सांगाय पायजे." आवाज ऐकून गाडीचं दुखणं ओळखणं, ही त्यांच्या मते चालकाची खरी परीक्षा.

जीप गेली, सुमो आली, मग बोलेरो आली. शहरातल्या माणसाला बोलेरो बोजड वाटते. पोलीस चालकाला ती आवडते, कारण ती कुठल्याही बाजारगावातल्या मेस्त्रीला उघडता येते, तिचा सुटा भाग मिळतो आणि ती शेताच्या बांधावरून जाते. त्याला दिमाख नको असतो. पहाटे तीनला सेल मारल्यावर इंजिन उठलं पाहिजे, एवढंच त्याचं मागणं.

मात्र एकाच माणसाच्या हाती असलेली गाडी आणि पाळीपाळीने तिघांच्या हाती जाणारी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एका ठाण्यात दोन गाड्या एकाच वेळी आल्या होत्या. एक गाडी सलग एकच चालक चालवत होता. दुसरी ज्याची ड्यूटी असेल त्याची. काही वर्षांतच दुसरीचं दार दोरीने बांधलेलं दिसू लागलं. सगळ्यांना माहीत होतं की क्लच घसरतोय. प्रत्येकाला वाटत होतं, पुढच्या पाळीवाला सांगेल. त्या तिघांत आळशी कुणीच नव्हता. गाडी कुणाचीच नव्हती, एवढंच. मनुष्यबळ कमी म्हणून गाड्या अशा फिरवल्या जातात हे खरं, पण त्यात गाडी लवकर मरते आणि पैसा सरकारचाच जातो, हे वरिष्ठांनी गांभीर्याने घेतलं पाहिजे.

रायफलीचाही असाच चार्ज असतो. तिला बट नंबर असतो आणि पोलीस तिला त्याच नंबराने ओळखतो. मामाच्या हातून जुनी .303 गेली, एसएलआर गेली, इन्सास गेली. गोळ्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. फायरिंगच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्याही मोजून जमा कराव्या लागतात. एक पुंगळी कमी भरली तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधत राहते, जेवणाची वेळ टळली तरी. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण जिवंत काडतूस बाहेर गेलेलं नाही याचा तोच पुरावा असतो. या धास्तीचा दुसरा परिणामही मामाने पाहिला: पिस्तूल मिळालेला अधिकारी ते कमरेला लावण्यापेक्षा जमा ठेवणं पसंत करतो. हरवलं तर चौकशी, निलंबन. न वापरलं तर काहीच नाही. शस्त्र सांभाळायची भीती शस्त्र वापरण्याच्या सरावावर मात करते, आणि हे बरं नाही.

या भीतीला आमच्या भागात जुना इतिहास आहे. स्वातंत्र्याआधी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा असे भाग पडले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्या जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार चाललं. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका काढून घेऊन. पाठलागात दादांना गोळी लागली, अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. आम्ही सांगलीकर ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. पण हातातून बंदूक गेलेल्या त्या पहारेकऱ्यांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न मामाला पडे. पोलिसाच्या घरातच तो पडत असावा.

मेढा ठाण्यात काम केलेल्या माणसाला केडंबे गाव लांबचं नसतं. तुकाराम ओंबळे तिथले. सैन्यातून पोलिसात आलेले, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात काठी होती. समोर हल्लेखोरांपैकी अजमल कसाब एके-47 घेऊन. ओंबळ्यांनी ती रायफल नळीकडून धरली आणि गोळ्या अंगावर घेत धरून ठेवली, म्हणून त्यांच्या सहकाऱ्यांना कसाब जिवंत पकडता आला. 2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्याच रात्री सीएसटी स्थानकात काही पोलीस .303 घेऊन स्वयंचलित रायफलींना सामोरे गेले होते. त्या रात्री मारले गेलेले एटीएसप्रमुख हेमंत करकरे यांच्या बुलेटप्रूफ जॅकेटबद्दल पुढे वर्षानुवर्षं प्रश्न विचारले गेले. राज्य सरकारने चौकशीसाठी राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली, फोर्स वन हे कमांडो पथक उभं राहिलं.

ओंबळ्यांचं नाव निघालं की मामाचा आवाज बदले. "काठी हुती म्हणून ते मागं सरलं न्हाईत, हे समदी सांगत्यात. पर काठीच का हुती, हे बी इचारा की." ओंबळ्यांच्या धाडसापुढे मान झुकते, आणि झुकलेली मान तेवढ्यावरच थांबते. मामाचा प्रश्न मला त्या आदराचाच भाग वाटतो.

काठीबद्दल पोलिसांची मतं ठाम असतात. फायबरची काठी टिकते, पण जुन्या माणसांच्या हाताला बांबूचीच बरी वाटते. जॅकेटचं वजन उन्हाळी बंदोबस्तात खांदे मोडतं. दंगलीच्या हेल्मेटची पुढची काच ओरखड्यांनी धुरकट झाली की दगड येताना दिसतच नाही. 2009 च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या दिवसांत मिरजेत स्वागत कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. त्या बंदोबस्तातल्या एका शिपायाने मला सांगितलं होतं की त्याने हेल्मेटची काच वर केली आणि ढाल डोळ्यांपर्यंत धरली. दिसणं आणि वाचणं यातलं एक निवडायची वेळ कुणावर येऊ नये.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी चढत असताना ड्यूटीवरच्या चालकांनी आधी सरकारी गाड्या उंचावर नेल्या; स्वतःच्या मोटारसायकली बऱ्याच जणांच्या घराखालीच राहिल्या आणि बुडाल्या. गाडी नावावर असल्याचा अर्थ त्या आठवड्यात शहराने पाहिला. ज्या साधनाची सवय नव्हती, ते होतं बोट. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांनी भरलेली बोट उलटली आणि सतरा जण गेले. बोट किती माणसं पेलते, लाइफ जॅकेटचा पट्टा कुठून ओढायचा, इंजिनच्या पंख्यात गवत अडकलं तर काय करायचं, हे पाणी ओट्याला लागल्यावर शिकता येत नाही. जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेली, म्हणजे शिकायला मिळालेला वेळ दोन वर्षांचाही नव्हता. नदीकाठच्या ठाण्यांत दर मे महिन्यात बोट पाण्यात उतरवून सराव झाला पाहिजे, आणि बोटीचाही चार्ज कुणाच्या तरी नावावर असला पाहिजे.

अण्णा निवृत्त होता होता 112 आलं. महाराष्ट्रात 2021 पासून मदतीचा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि जवळच्या गाडीतल्या पडद्यावर उमटतो. गाडी कुठे आहे, कधी निघाली, कधी पोहोचली, सगळं नोंदलं जातं. जुन्या चालकांना सुरुवातीला तो पडदा पहारेकऱ्यासारखा वाटला. नव्या पोरांना त्याचं काहीच वाटत नाही; तासगावजवळच्या तुरचीच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडणारा शिपाई पडद्याशी लहानपणापासून खेळलेला असतो. त्याला डिपस्टिक दाखवावी लागते. पडद्याचा फायदा मात्र जुन्यांच्याही लक्षात आला: "गाडी उशिरा आली" असा आरोप झाला की वेळेची नोंद चालकाच्या बाजूने बोलते.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, शक्यतो मोबाईलवर. उद्देश चांगला आहे. पंचनाम्यावरचा संशय त्याने कमी होईल. पण रायफलीला बट नंबर आहे, गाडीला आकडे आहेत, जॅकलासुद्धा रजिस्टर आहे. पुरावा साठवणाऱ्या फोनचं काय? घरच्या फोनवर मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी कुणाच्या तरी कपाटाचं चित्रीकरण का असावं? तपास करणाऱ्या प्रत्येकाला सरकारी फोन द्यावा, त्याला नंबर घालावा आणि सही घेऊन तो ताब्यात द्यावा.

पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्राची योजना 1969-70 पासून चालू आहे; जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही गाड्या येतात. नव्या गाड्या ओळीने उभ्या राहतात, झेंडा दाखवला जातो, फोटो निघतात. खरेदीआधी चालकांना कुणी विचारलं तर ते काय सांगतील, हे मी अण्णांना विचारलं होतं. त्यांना विचार करावा लागला नाही. मागच्या सीटवर आरोपी बसणार, तर आतून न उघडणारं दार हवं. काठी आणि ढाल ठेवायला जागा हवी, नाहीतर वळणावर ती पायात येते. पडदा असा बसवा की चालकाला रस्त्यावरची नजर काढावी लागणार नाही. घाटातल्या ठाण्याला धुक्याचे दिवे, जतकडच्या ठाण्याला जादा फिल्टर. आणि गाडीबरोबर चालकाचं नाव लिहून द्या, निदान तीन वर्षं बदलू नका.