बारा व्होल्ट दिसतात, दिवा लागत नाही

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोल्हापुरातल्या वॉशिंग सेंटरांवर गाड्यांची रांग लागते. पूजेला गाडी लख्ख हवी, म्हणून बॉनेट उघडून आत प्रेशरचं पाणी मारलं जातं. दसरा उलटला की यातल्या काही गाड्या आम्हा वायरमन लोकांकडे यायला लागतात. कुणाचा हॉर्न घोगरा झालेला असतो, कुणाच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. अलीकडच्या गाड्यांत आणखी एक तक्रार ठरलेली असते, एका बाजूचा डीआरएल बंद.

डीआरएल म्हणजे डे-टाइम रनिंग लॅम्प. गाडी सुरू केली की हेडलाइटमध्ये किंवा बंपरात आपोआप लागते ती पांढरी पट्टी. ‘शोभेचा दिवा आहे, सवडीनं बघू,’ असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. हा दिवा मुळात उत्तरेकडच्या थंड देशांतला. तिथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाजवळच रेंगाळतो, उजेड मळकट असतो आणि समोरून येणारी गाडी रस्त्याच्या रंगात मिसळून जाते. फिनलंडने १९७२ मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसाही दिवे लावायला लावले, स्वीडनने १९७७ मध्ये सगळ्या रस्त्यांवर वर्षभर तसा नियम केला. कॅनडात १ डिसेंबर १९८९ पासून बनलेल्या नव्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला आणि युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलांना. युरोपच्या नियमात त्याची तीव्रता किमान ४०० आणि कमाल १२०० कँडेला ठरवलेली आहे. एवढ्या उजेडात रस्ता दिसत नाही, पण गाडी मात्र भर दुपारी नजरेत भरते. त्याचं काम तेवढंच, आणि ते मोठं आहे.

आपल्याकडे ऊन भरपूर, हे खरं. पण जुलैच्या पावसात आंबा घाटात करड्या रंगाची गाडी समोरून येते तेव्हा आधी तिचे दिवे दिसतात आणि गाडी मागाहून. त्यातला एक बंद असला तर काय होतं? १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो. त्यामुळे पावसात लांबून एकच दिवा दिसला की आपलं डोकं ‘दुचाकी येतेय’ असं धरून चालतं, आणि समोरचा ड्रायव्हर दुचाकीपुरतीच जागा सोडतो. दोन्ही दिवे बंद असलेली गाडी नुसती दिसत नाही. एक दिवा बंद असलेली गाडी भलतीच काहीतरी दिसते. म्हणून एका बाजूचा डीआरएल बंद घेऊन कुणी आलं की ते काम मी मागे ठेवत नाही.

आधी बिघाड आहे का, हे बघायचं. इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएल विझतो किंवा मंद होतो, आणि लोक घाबरून येतात. दोन दिवे अगदी शेजारी असतील तर पांढऱ्या झगमगाटात पिवळी उघडझाप दिसत नाही, म्हणून कंपनीनेच तशी सोय केलेली असते. हेडलाइट लावल्यावर डीआरएल बंद किंवा मंद होणं हेही नियमातलंच. काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असेपर्यंत तो लागत नाही, काहींत स्क्रीनवरच्या सेटिंगमधून बंद करता येतो आणि घरातलं एखादं पोर ते करून ठेवतं. दोन्ही बाजूंचे डीआरएल एकदम गेले असतील तर मी हेडलाइटला हातच लावत नाही. दोन वेगवेगळे दिवे एकाच दिवशी मरत नाहीत. दोघांच्या मागे असलेलं एकच काहीतरी गेलेलं असतं. फ्यूज, सेटिंग किंवा बीसीएम.

बीसीएम म्हणजे दिवे, वायपर, काचा, लॉक हे सगळं सांभाळणारा गाडीतला डबा. जुन्या गाडीत शॉर्ट झालं की फ्यूज उडायचा, तार तुटलेली डोळ्यांनी दिसायची. आताच्या बऱ्याच गाड्यांत बीसीएम स्वतःच करंट मोजतो आणि जास्त वाटला की ती लाइन आतूनच बंद करतो. शॉर्ट काढला तरी काही गाड्यांत इग्निशन बंद-चालू केल्याशिवाय, तर काहींत स्कॅनर लावून फॉल्ट पुसल्याशिवाय, ती लाइन पुन्हा उघडत नाही. फ्यूज शाबूत, वायर शाबूत, दिवा चांगला, तरी अंधार. अशा गाड्या या एका कारणाने गावभर फिरतात.

एका बाजूचाच गेला असेल तर पहिलं काम पार्किंग लाइट लावून बघायचं. पुष्कळ गाड्यांत तीच पट्टी दिवसा डीआरएल म्हणून प्रखर आणि रात्री पार्किंग म्हणून मंद लागते. मंद लागली, तर एलईडी जिवंत आहेत आणि अर्थिंगही निदान थोडं काम करतंय. एवढ्या एका बटणाने निम्मा शोध संपतो.

मग मोजायचं. इथेच बहुतेक जण चुकतात, आणि याच चुकीपायी चांगले हेडलाइट भंगारात जातात.

मलकापूरच्या एका शिक्षकांची गाडी माझ्याकडे आली होती. डावा डीआरएल सकाळी थोडा वेळ फडफडायचा, मग बंद. त्यांना दुसरीकडे सांगितलं होतं की कपलरमध्ये बरोबर करंट येतोय, म्हणजे दिवाच गेला, अख्खा हेडलाइट बदला. एलईडी हेडलाइटची किंमत हजारोंच्या घरात, महागड्या गाड्यांत लाखाच्याही वर जाते. सर हवालदिल झाले होते.

इंजिन चालू ठेवून मी कपलर काढला आणि दोन पिनांवर मीटर धरला. चौदा व्होल्ट, म्हणजे आधीच्या माणसाने खोटं सांगितलं नव्हतं. पण कपलर काढलेला असताना वायरीतून करंट वाहतच नाही. नळ बंद असताना निम्म्या चोंदलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो. धार किती येते ते नळ उघडल्यावर कळतं. म्हणून मी कपलर परत जोडला, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवली आणि दिवा चालायची धडपड करत असताना मोजलं. प्लसची वायर ते बॅटरीचा मायनस, चौदाच्या आसपास. उत्तम. मग दिव्याची अर्थिंगची वायर ते बॅटरीचा मायनस. इथे जवळजवळ शून्य हवं, ०.१, फार तर ०.२ व्होल्ट. मीटरवर साडेसहाच्या आसपास आकडा नाचत होता. म्हणजे चौदातले साडेसहा व्होल्ट अर्थिंगच्या वाटेवरच खर्ची पडत होते. उरलेल्या साडेसातांत एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताचा करंट पुरवणारं सर्किट, कसं चालणार? ते उठायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. तीच ती फडफड.

आणखी एक खूण होती. डावा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा पार्किंगचा दिवा उलट्या तालात मंद उघडझाप करायचा. दोन दिव्यांचं अर्थिंग एकच असेल आणि ते कच्चं असेल, तर एकाचा करंट परतीची वाट न मिळाल्याने दुसऱ्या दिव्यातून मार्ग काढतो. असं एकमेकांत गुंतलेलं वागणं दिसलं की मीटर काढायच्या आधीच अर्थिंगचा बोल्ट शोधायला लागावं.

तो बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली, आतल्या मडगार्डला सापडला. सरांना विचारलं, या बाजूला कधी ठोकर लागली होती का? उन्हाळ्यात डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. पत्रा सरळ करून रंग मारला आणि अर्थिंगच्या वायरीच्या टोकाची थिंबल त्या नव्या रंगावरच कसून टाकली होती. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क उरला होता, पावसाळ्यात आट्या गंजल्या आणि तोही संपला. आम्ही थिंबलच्या आकाराएवढा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, हिरवी पडलेली थिंबल कापून नवी दाबली, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला आणि वरून व्हॅसलिन चोपडलं. पुन्हा मोजलं, ०.०४ व्होल्ट. डीआरएल स्थिर, इंडिकेटर आपल्या तालात. हेडलाइट जागचा हलवावाही लागला नाही.

मीटरच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवावं की बीसीएम कित्येक गाड्यांत हा दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून त्याचा उजेड ठरवतो. साधा मीटर त्याची सरासरी दाखवतो. आठ व्होल्ट दिसले म्हणजे वायर खराब, असं लगेच म्हणू नये. चांगल्या बाजूला किती येतात ते आधी बघावं. दुसरी बाजू हा गाडीबरोबर फुकट मिळालेला नमुना आहे, त्याचा उपयोग करावा. आणि बल्बचा टेस्ट लॅम्प या वायरींना बेधडक लावू नये. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, तेवढ्यानेही काही डबे लाइन बंद करतात.

बल्बवाला डीआरएल असलेल्या गाड्या सोप्या. बल्ब गेलेला असतो किंवा होल्डर उष्णतेने वितळलेला. त्रास होतो तो कुणी बल्बच्या जागी बाजारातला एलईडी बसवला की. बीसीएमला अपेक्षित तेवढा करंट दिसत नाही, तो बल्ब गेला असं समजतो, आणि दिवा लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणून ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात. चौदा व्होल्टला त्यात ३० वॅटच्या वर उष्णता तयार होते. बंपरच्या प्लास्टिकला टेकून ठेवलेले असे रेझिस्टर मी वितळलेल्या खड्ड्यातून उपसून काढले आहेत. दिवा बल्बचा असेल तर बल्बच घालावा.

दिवाच खरोखर गेला असेल तर कारण बहुधा पाणी. पावसाळ्यात काचेच्या आतून धुकं धरतं, ते दिवा थोडा वेळ चालला की जातं. त्याची काळजी करू नये, हेडलाइटला श्वास घ्यायला बारीक पडद्याची जागा ठेवलेली असते. तळाशी पाणी साचून हलताना दिसलं तर मात्र सील फुटलंय. गरम हेडलाइटवर गार पाण्याचा प्रेशर मारला की आतली हवा एकदम आकसते आणि फटीतून पाणी आत ओढते. आत एलईडींची साखळी असते, त्यातला एक गेला की सगळी ओळ जाते. काही गाड्यांत ड्रायव्हर हेडलाइटच्या मागे स्क्रूने लावलेला, दोन्ही बाजूंना सारखाच असतो. तो डावीकडचा उजवीकडे लावून बघितला की दोष त्याच्याबरोबर सरकतो की नाही, ते कळतं. पाणी काढायला हेडलाइटला खाली भोक पाडून देणारे आहेत. त्या भोकातून पुढच्या पावसात धूळ आणि चिखल आत जातो. तसं करू देऊ नका.

काम झाल्यावर मी गाडीच्या मालकाला डीआरएल चालू ठेवून गाडीच्या मागे नेतो. पुष्कळ गाड्यांत डीआरएल लागला तरी मागचे दिवे बंदच असतात. पुढे उजेड, डॅशबोर्ड उजळलेला, त्यामुळे दिवे लागलेत असं वाटत राहतं. ऑटोवर ठेवलेला स्विचही धुक्यात फसतो, कारण त्याचा सेन्सर उजेड मोजतो आणि घाटातल्या दुपारच्या पांढऱ्या धुक्यात उजेड भरपूर असतो. साखरप्याहून आंबा घाट चढताना धुकं लागलं की स्विच हाताने फिरवून हेडलाइट लावा. मागून येणाऱ्या ट्रकला तुमचे लाल दिवे तेव्हाच दिसतात.