सोन्याच्या पत्र्यामागची भिंत

काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधविले. पुढे महाराजा रणजितसिंहांच्या दानातून शिखरावर सोने चढले. २०२२ मध्ये गाभाऱ्याच्या आतील भिंतीही सुवर्णमंडित झाल्या. दर्शन घेऊन आलेले लोक सोन्याविषयी बोलतात. सरकारी बांधकामांच्या फायली वर्षानुवर्षे पाहिलेल्या मला मात्र अशा वेळी पत्र्यामागची भिंत आठवते.

मंदिरांसाठी धातूकाम करणारे बनारसचे कसेरे कारागीर पत्रा तापवून मऊ करतात, राळेवर बसवून छिन्नीने उठाव काढतात. भिंतीचे माप आधीच नेमके घ्यावे लागते. ऐनवेळी कोपऱ्यावर पत्रा कापला तर नक्षी तुटते. तांब्याच्या पत्र्याला लोखंडी खिळा मारला तर दमटपणात तो झपाट्याने गंजतो. आणि भिंतीतली ओल पत्र्याने झाकली जाते, जात नाही. घरच्या भिंतीवर धातूच्या फरशा बसवितानाही हेच लागू पडते.

आपल्या अंदाजपत्रकांत धातूचे वजन आणि दर काटेकोर असतात. ओल तपासण्यासाठी, ठरावीक वर्षांनी एखादा पत्रा काढून मागे पाहण्यासाठी, बहुधा तरतूदच नसते. देणगीदाराच्या नावाची नोंद होते, तशीच देखभाल कोणी करायची याचीही नोंद मंजुरीच्या आदेशातच असावी.