ओव्हर म्हणेपर्यंत

मे महिन्यात तळेऱ्याला माहेरी गेले होते. भाचा पडवीतल्या झोपाळ्यावर मोबाइल घेऊन बसलेला. आईने आतून हाका मारल्या, शेवटी हात पुसत स्वतःच बाहेर आली.

"थांबव तो खेळ वायच. भात निवता."

"आजये, ह्यो थांबणा नाय. ऑनलाइन आसा."

"थांबणा नाय म्हंजे?"

"मी थांबलंय तर माका मारतले."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला समजावलं, की पलीकडे खरीच माणसं खेळत असतात, कुठल्या कुठल्या गावची. त्यांचा डाव चालू राहतो. "म्हंजे कोण कोणासाठी थांबणा नाय?" एवढंच विचारून ती आत गेली. भाच्याचं जेवण झालं, भांडी झाली, तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या लहानपणी थांबण्याचे खेळच जास्त होते. विषामृतात ज्याच्यावर राज्य तो शिवला आणि "विष" म्हणाला, की जागच्या जागी गोठायचं. एखाद्या भिडूने येऊन "अमृत" म्हणेपर्यंत हलायचं नाही. चपलेचा अंगठा तुटला, गुडघा फुटला, कोणाची आई आली, की मूठ ओठांना लावून "टाइम प्लीज" म्हणायचं. अख्खा डाव उभा राहायचा. कितीही चुरस असली तरी टाइम प्लीज घेतलेल्याला कोणी शिवत नसे. शिवलाच तर त्याला पुढचे काही दिवस कोणी खेळायला घेत नसे.

पण सगळ्यांत मोठी सत्ता स्टॅच्यूची. ज्याच्याशी आधी स्टॅच्यू लावलेला असेल त्याला कुठेही, कधीही गाठून "स्टॅच्यू" म्हणायचं. तो तसाच थांबणार. घास तोंडाजवळ असेल तर तिथेच. "ओव्हर" म्हटल्याशिवाय सुटका नाही. मी बाबांशी स्टॅच्यू लावला होता.

बाबा मुंबईला गोदीत होते. गणपतीला यायचे, मे महिन्यात यायचे. गौरी-गणपती गेले की रात्रीच्या एसटीने परत. तळेऱ्याचा स्टँड म्हणजे तिकाटणं. हमरस्त्यावरून एक फाटा विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून कोल्हापूरला जातो. त्या दिवसांत स्टँडवर चाकरमान्यांची ही गर्दी. कुळथाच्या पिठीचे डबे, कोकमांच्या पिशव्या, सुतळीने बांधलेली खोकी, आणि वरून पाऊस. गाडी लागली. बाबांनी डावा हात दांड्याला घातला, उजवा पाय पायरीवर ठेवला, आणि मी ओरडले, "स्टॅच्यू!"

ते थांबले. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरावर आली, ती त्यांनी वर ओढली नाही. मिटलेल्या छत्रीच्या टोकातून पाणी पायरीच्या पत्र्यावर पडत होतं. भुवईवरचा थेंब डोळ्यात उतरला तरी पापणी हलली नाही. मागचे लोक आधी कुरकुरले, मग एकाने काय चाललंय ते बघितलं आणि तो हसून मागे सरला. कंडक्टर म्हणाला, "ओ, वर व्हा," आणि त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. घंटीच्या दोरीवरचा त्याचा हात तसाच राहिला.

पुढचं आठवत नाही. ओव्हर मी म्हटलं असणारच, गाडी गेलीच असणार, कारण दिवाळीत त्यांचं पत्र आलं. पण माझ्या आठवणीत ओव्हर नाही.

नंतर गोष्टींत, सिनेमांत, खेळांत काळ थांबवणारी खूप माणसं भेटली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर माझा राग आहे. चुलतभावाकडे मुंबईहून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आला. कॅसेटवर ९९९९ खेळ लिहिलेले, आत मोजकेच. त्यातला आमचा आवडता टँकचा. नामको या जपानी कंपनीने तो १९८५ मध्ये 'बॅटल सिटी' नावाने काढला होता, हे फार पुढे कळलं. विटांच्या भिंतींमधून शत्रूचे वीस टँक येणार, खाली आपलं गरुडाचं ठाणं सांभाळायचं. मधूनच पडद्यावर घड्याळाचं चित्र लुकलुकायचं. त्यावर आपला टँक नेला की शत्रूचे सगळे टँक जागीच थिजायचे, आपण मात्र मोकळे. भाऊ त्यांच्या अगदी समोर जाऊन एकेकाला उडवायचा. मला ते बघवत नसे. थिजलेल्यावर गोळी घालायची? विषामृतात विष झालेल्याला कोणी मारत नाही.

एच. जी. वेल्सची १९०१ ची एक गोष्ट आहे, 'द न्यू ॲक्सिलरेटर'. एक प्राध्यापक असं औषध काढतो, की ते पिणाऱ्याचा वेग हजारपटींनी वाढतो आणि त्याला बाकीचं जग पुतळ्यासारखं दिसतं. तो आणि त्याचा मित्र फोकस्टनच्या समुद्राकाठच्या बागेत फिरतात. बँडवाले वाजवता वाजवता थिजलेले, हवेत मधमाशी गोगलगायीच्या चालीने निघालेली. आणि प्राध्यापक करतो काय, तर शेजारणीचं कुत्रं उचलून पळत सुटतो. इतक्या वेगात हवेच्या घर्षणाने दोघांचे कपडे करपायला लागतात, हे वेल्सने फार छान योजलंय. पण मला चीड येते ती कुत्र्यावरून. अख्खं गाव समोर थांबलेलं असताना याला सुचलं ते हे.

आपल्याकडे पुराणांत शांडिलीची गोष्ट आहे. तिचा नवरा कौशिक, महारोगी आणि वर बाहेरख्याली. त्याला खांद्यावर घेऊन ती रात्री वेश्येकडे निघाली असताना त्याचा धक्का सुळावर चढवलेल्या मांडव्य ऋषींना लागतो. ते शाप देतात, सूर्य उगवताच हा मरेल. ती म्हणते, मग सूर्य उगवणारच नाही. आणि उगवत नाही. यज्ञ अडतात, देव घाबरतात, शेवटी अनसूयेला मध्ये घालतात. ती शांडिलीची समजूत काढते, सूर्य उगवतो, कौशिक मरतो आणि अनसूया त्याला पुन्हा उठवते. असल्या नवऱ्यासाठी एवढं कशाला, हे माझंही मत आहे. तरी काळ थांबवणाऱ्या साऱ्या मंडळींत मला हीच जवळची वाटते. तिला लढाई जिंकायची नव्हती. तिला एक माणूस जाऊ द्यायचं नव्हतं. ती रात्र मात्र साऱ्या जगाला सोसावी लागली, कोणी तिला हो म्हटलेलं नसताना.

आमच्या जत्रेतल्या दशावतारात लढाई ऐन रंगात आली की थांबते. तलवारी उगारलेल्या, मृदंग गप्प, पायपेटीवाला नुसता सूर धरून बसलेला, आणि दोन वीर एकमेकांना धर्म-अधर्म सुनावत उभे. संहिता लिहिलेली नसते, जो तो जागच्या जागी बोलतो. समोरच्याला सुचेपर्यंत याने थांबायचं आणि याला सुचेपर्यंत त्याने. एकाचं रंगलेलं भाषण दुसरा मध्येच तोडत नाही. जयद्रथाचा खेळ लागला की कृष्ण सुदर्शनाने सूर्य झाकतो, जयद्रथ बेसावध बाहेर येतो आणि हा सूर्य आणि हा जयद्रथ होतो. लहानपणी मी झोपेतून त्यासाठी उठायचे. आता त्या जयद्रथाचीच कणव येते. दिवस संपला म्हणून निर्धास्त झालेलं माणूस ते.

सूर्य झाकण्यावरून विजयदुर्ग आठवतो, विषय थोडा बाजूला गेला तरी. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम शोधला असं सांगतात, आणि त्या तारखेला तिथे हेलियम दिन साजरा होतो. वास्तविक त्या वर्षी लॉकियर विलायतेतच होता. ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरला पाहिलं आणि लॉकियरने ऑक्टोबरमध्ये घरच्या दुर्बिणीतून, ग्रहणाशिवायच, सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ टिपली. पण तो विजयदुर्गाला आला होता, हे खरं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमेनी नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते, त्यांच्याकडून तालमी करून घेतल्या होत्या. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. वाटतं, भरदुपारी सूर्य काळा झाला तेव्हा यंत्रापाशी नेमलेल्या त्या खलाशांतल्या किती जणांना मान वर करून बघता आलं असेल? तळेऱ्याच्या स्टँडवर मला तेवढीही मिनिटं मिळाली नव्हती. पण मला दुसरं काहीच काम नव्हतं. मी नुसती बघत होते.

कोल्हापूरच्या फाट्यावर जयंत नारळीकरांची आठवण येते, ते जन्माने कोल्हापूरचे म्हणून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, परीक्षकांनी ओळखू नये म्हणून. कथा 'कृष्णविवर', आणि तिला बक्षीस मिळालं. कृष्णविवराच्या जवळ गेलेल्याचं घड्याळ दूर राहिलेल्याच्या घड्याळापेक्षा मागे पडतं, हे मला त्यांच्या लेखनामुळे कळलं. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर चालू असतं. वीस मे २०२५ ला ते गेल्याचं कळलं तेव्हा मी ती कथा पुन्हा काढून वाचली. पण कृष्णविवरालाही कोणाची परवानगी लागत नाही.

बाबांनी ती दिली होती. त्यांना मागून ढकलणारी माणसं होती, खिडकीची जागा जात होती, दुसऱ्या दिवशी पाळी होती. त्यांनी नुसतं हसून गाडीत चढायचं होतं, मला काही करता आलं नसतं. माझ्या शब्दात कसलीही जादू नव्हती. जी होती ती त्यांच्या न हललेल्या पापणीत होती, दोरीवर थबकलेल्या कंडक्टरच्या हातात होती, मागे सरलेल्या त्या अनोळखी माणसात होती. गोष्टींतल्या वीरांवर माझा राग आहे तो यामुळे. ते थांबवतात, त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही.

बाबा आता निवृत्त होऊन घरीच असतात. त्यांना मी विचारलं. स्टॅच्यू आठवत नाही म्हणाले. त्यांना आठवते ती छत्री, जी त्याच फेरीत गाडीत विसरली.

आई स्टँडवर कधी यायची नाही. बाबांच्या मागे फाटकापर्यंत, बस. परत आलो की पडवीत सुतळीचे तुकडे, वर्तमानपत्राचे कपटे, सांडलेली पिठी, सगळं तसंच पडलेलं असायचं आणि आई त्यावरून पाय उचलून चालायची. माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढू नये, हे आजीने तिला सांगितलेलं. सकाळी सातच्या बातम्या रेडिओवर लागल्या की म्हणायची, "आता पोचलो आसतलो," आणि केरसुणी हातात घ्यायची. तोवर ते घर तिने बाबा निघाले त्या घटकेवरच धरून ठेवलेलं असायचं. स्वच्छतेची एवढी आवड असलेली बाई. वहिनीशी तिचा या केरावरून वाद व्हायचा. वहिनीला सकाळची कामं उरकून नोकरीला पळायचं असतं, तिचंही खरंच आहे. शेवटी तोड निघाली ती अशी, की आतल्या खोल्या वहिनीने झाडाव्यात, पडवी आईची.

मी होते त्या दिवसांतच एकदा बाबा बँकेच्या कामाला सकाळी निघाले. अकरा वाजले तरी पडवीत आठळ्यांची सालं पडलेली, आणि आई तिथेच बसून उरलेल्या आठळ्या सोलत होती.

"अगं, कणकवलीला तर गेलेत," मी म्हटलं.

"मगे?" ती म्हणाली. "कणकवली काय भायर नाय?"