नाव घेण्याची घाई

शेतीखात्यातला माणूस लिहायला बसला की तो बियाणे, खते आणि फवारणी यांवरच लिहिणार, असे आपण धरून चालता. आज विषय निराळा आहे. रब्बीची ज्वारी काढून झाली, रास घरात आली, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यात थोडे सवडीचे दिवस येतात. या दिवसांत काय वाचावे, असे कोणी विचारले तर मी ‘रहस्यकथा वाचा’ असे सांगतो. ऐकणारा हसतो. पन्नाशी उलटलेल्या, बी.एस्सी. झालेल्या माणसाने खून-दरोड्याची पुस्तके वाचावीत हे बरे दिसत नाही, असे त्याला वाटते. पण माझ्या नोकरीत आणि खेड्यातल्या संसारात या पुस्तकांइतकी उपयोगी पडलेली पुस्तके थोडी आहेत. ती कशी, ते सांगतो.

माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या पोरांना वाचनाची गोडी लागली ती बहुधा रहस्यकथांनीच. बाबुराव अर्नाळकर हे नाव थोरांना आठवत असेल. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९९६ साली डोळे मिटेपर्यंत हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत ओळखीचे होते. पुढे गोव्यात जन्मलेले गुरुनाथ नाईक आले, त्यांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले. एस.टी. स्टँडवरच्या बुकस्टॉलवरून एखाद्याने घेतलेले पुस्तक सगळ्या गावात फिरून आमच्या हाती येई, तेव्हा त्याचे शेवटचे पान पुष्कळदा गळालेले असे. मग जीव कासावीस होई. पण त्यात एक फायदा होता. गुन्हेगार कोण, हे आमचे आम्हाला ठरवावे लागे, आणि नुसते नाव घेऊन भागत नसे. “कशावरून?” असे दुसरा विचारी, तेव्हा पुरावा द्यावा लागे.

त्या वाचनातून एक गोष्ट पक्की कळली. चांगल्या रहस्यकथेत पहिल्या दहा पानांत ज्याच्यावर संशय येतो, तो बहुधा निर्दोष असतो. त्याचे भांडण सगळ्यांना ठाऊक असते, तो तापट असतो, परका असतो किंवा गरीब असतो. म्हणून सगळे त्याचे नाव घेतात. खरा गुन्हेगार शेवटी सापडतो, आणि तो सापडतो कोणाच्या तरी बारीक नजरेमुळे.

ही नजर मुळात डॉक्टरची आहे. शेरलॉक होम्स हा इंग्रजी गुप्तहेर १८८७ साली पुस्तकात अवतरला. त्याचा जन्मदाता कॉनन डॉयल हा स्वतः डॉक्टर होता. एडिंबरोला त्याला शिकवणारे जोसेफ बेल नावाचे गुरुजी रोग्याचे हात, चाल आणि कपडे पाहून त्याचा धंदा नि दुखणे ओळखीत. त्यांच्यावरून डॉयलला होम्स सुचला. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या आहेत. त्यांतली घोड्याची गोष्ट शेतकऱ्याने जरूर वाचावी. १८९२ सालची ही कथा. शर्यतीचा नामी घोडा रात्रीतून तबेल्यातून नाहीसा होतो आणि त्याला शिकवणारा माणूस माळावर मेलेला सापडतो. आदल्या संध्याकाळी तबेल्याभोवती घुटमळलेल्या एका परक्या माणसाला पोलीस धरतात. होम्सचे लक्ष मात्र दोन गोष्टींकडे जाते. एक, जवळच्या कळपातल्या तीन मेंढ्या अलीकडे लंगडू लागल्या आहेत. दोन, तबेल्यात कुत्रा होता, पण घोडा नेला त्या रात्री तो भुंकला नाही. परका शिरला असता तर कुत्र्याने गाव उठवले असते. तो गप्प राहिला, म्हणजे येणारा ओळखीचा होता. जे घडले ते सगळेच पाहतात. जे घडायला हवे होते पण घडले नाही, ते पाहायला शिकणे, हे त्या कथेचे सार आहे.

आता हे शेतात कसे उपयोगी पडले ते ऐका. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावाहून मला बोलावणे आले. दोन भाऊ, वाटणी झालेली, मधे एकच बांध, आणि त्या बांधावरून दोन वर्षे बोलाचाली बंद. थोरल्याची तूर फुलोऱ्यात असताना जागजागी वाळू लागली होती. धाकट्याने रात्री तणनाशक टाकले, असे थोरल्याने ठरवून टाकले होते. पारावर दहा माणसे त्याच्या बाजूने बोलत होती.

“साहेब, पंचनामा तेवढा करून द्या,” थोरला म्हणाला. “उद्या ठाण्यात जायचंय.”

“आबा, आधी तूर तरी बघू द्या,” मी म्हणालो.

वावरात गेलो. वाळलेल्या झाडांच्या बुडाशी बसलो, तर तिथे हरळी हिरवीगार होती आणि रुंद पानांचे तणही टवटवीत उभे होते. त्या कथेतला कुत्रा मला तिथे दिसला म्हणा ना! तणनाशकाने तूर जळाली आणि तण मात्र सगळे जगले, हे कसे? शिवाय बांधावरून औषध टाकले तर बांधाकडची ओळ आधी जळायला हवी. इथे तर वावराच्या मध्यभागी, सखल जागी झाडे गेली होती. खोडावर बुडापासून वर चढलेला जांभळट पट्टा होता. विळ्याने खोड उभे चिरले, तर आत काळपट-तपकिरी रेषा दिसल्या. हा मर रोग. त्याची बुरशी जमिनीत आणि जुन्या धसकटांत वर्षानुवर्षे दबा धरून बसते. त्या वावरात सलग तिसऱ्या वर्षी तूर होती. बांध ओलांडून धाकट्याच्या रानात पाहिले, तर तिथेही चार-दोन झाडे माना टाकू लागली होती. म्हणजे ज्याच्यावर आळ होता, त्याच्याही घरात तोच चोर शिरला होता!

दोघांनाही चिरलेली खोडे दाखवली. पुढच्या साली त्या जागी तूर घेऊ नका, ज्वारी घ्या. पुन्हा तूर घ्याल तेव्हा बीएसएमआर ७३६ सारखा मर रोगाला दाद न देणारा वाण आणा आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, असे सांगून आलो. भाऊ लगेच गळ्यात पडले, असे काही झाले नाही. पण ठाण्याची पायरी चुकली, आणि कोर्टात जाणारा पैसा घरात राहिला. दहा माणसांनी घेतलेले नाव खोटे ठरले ते एका चिरलेल्या खोडाने.

तुरीच्या वाफ्यावरून ठीक आहे, पण माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा? तेव्हा तर ही सवय अधिकच लागते. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होतो, तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या मानवतचे नाव निघाले की जुनी माणसे आवाज खाली आणीत. १९७२ ते १९७४ या काळात, दुष्काळाच्या झळा अजून ताज्या असताना, तिथे लहान मुली आणि बायका यांचे एकामागून एक खून झाले. लोकांच्या तोंडी नाना अफवा होत्या. शेवटी तपासात भाग घेतला तो रमाकांत कुलकर्णी यांनी. १९६८ साली मुंबईतल्या रामन राघव प्रकरणाचा तपास करणारे ते हेच. पुरलेले धन हाती यावे म्हणून हे बळी दिले गेले, अशी सरकार पक्षाची बाजू होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली निकाल लागला. काहींना शिक्षा झाली, काही सुटले. एवढ्या भयंकर प्रकरणातही न्यायालयाने नियम सोडला नाही. गुन्ह्यात सामील असलेल्या साक्षीदाराच्या शब्दाला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, हे त्याने पाहिले. सगळा मुलूख संतापलेला असताना न्यायाधीश “कशावरून?” असे विचारतात. आपण मात्र कोंबडी मेली तरी संध्याकाळपर्यंत कोणाचे तरी नाव घेऊन मोकळे होतो.

आणि ते नाव कोणाचे असते, हेही पाहा. एखाद्या एकट्या विधवेचे, नाही तर नव्याने नांदायला आलेल्या सुनेचे. मराठवाड्याला भानामती काही नवी नाही. घरावर दगड पडतात, वाळत घातलेल्या लुगड्याला आग लागते, कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी अशी पुष्कळ प्रकरणे उलगडली. प्रत्येक वेळी त्यामागे माणसाचाच हात निघाला, आणि पुष्कळदा तो त्याच घरातल्या गांजलेल्या माणसाचा असे. करणी-भानामतीचा आळ घेऊन कोणाला मारहाण करणे किंवा धिंड काढणे हा २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरला आहे. नारायण धारपांच्या भयकथा मीही मिटक्या मारीत वाचतो. पण पुस्तक मिटले की भूतही त्यातच मिटले पाहिजे. त्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नये.

‘कोणी केले?’ याच्या पुढचा प्रश्न ‘का केले?’ हा आहे. तो विचारणाऱ्या कथांना मानसशास्त्रीय रहस्यकथा म्हणतात. रत्नाकर मतकरींच्या पुष्कळ गूढकथा याच वाटेने जातात. इथे दरोडा नाही, पाठलाग नाही. चार भिंतींत राहणारे साधे माणूस असते. त्याच्या मनात काहीतरी साचत जाते आणि घरच्यांना ते दिसत नाही. वाचकाला मात्र बारीक खुणा दिसतात. जेवणावरची वासना उडाली, बोलणे कमी झाले, जपलेली वस्तू उगाच कोणाला देऊन टाकली. पुस्तक वाचताना आपण तळमळतो, “अरे, कोणी विचारा रे त्याला!”

वाचकहो, हे तळमळणे पुस्तकापुरते ठेवू नका. आपल्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पुष्कळ पाहिल्या आहेत. कर्ज आणि नापिकी ही कारणे सगळ्यांना दिसतात. पण मोडत चाललेल्या मनाच्या खुणा घरातच, चुलीपाशी दिसत असतात. घरचा कर्ता माणूस वावरात जाईनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, ‘माझ्यामागे तुम्ही नीट राहा’ असे बोलू लागला, तर त्याच्यापाशी बसा आणि सरळ विचारा. विचारल्याने वाईट होत नाही. मनाच्या दुखण्यासाठी ‘टेली मानस’ हा सरकारी फोन २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आणखी एक गोष्ट, खात्याची म्हणा किंवा रहस्यकथेची म्हणा. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकाबाई पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधखोलीत काम करीत. विषांची माहिती त्यांना तिथे झाली आणि १९२० सालच्या पहिल्या कादंबरीपासून ती त्यांनी वापरली. त्यांची पुस्तके वाचणारा माणूस घरातली प्रत्येक बाटली निराळ्या नजरेने पाहतो. आपणही पाहावी. कीटकनाशकाचे डबे माजघरात किंवा माळ्यावर ठेवू नका. लागेल तेवढेच आणा, बाकीचे पेटीत ठेवून कुलूप लावा आणि किल्ली घरातल्या शांत, जबाबदार माणसाकडे द्या. रागाच्या किंवा निराशेच्या एका घटकेला ते हाताशी नसले, तर ती घटका टळते आणि माणूस वाचतो.

सगळ्याच रहस्यकथा चांगल्या असतात, असे मी म्हणत नाही. ज्यांत नुसते रक्त आणि बायकांची विटंबना आहे, त्या पोरांच्या हाती देऊ नका. ज्यांत शेवटच्या पानावर कुठून तरी नवाच माणूस येऊन गुन्हेगार ठरतो, त्या लबाड समजा. सगळे पुरावे वाचकापुढे उघडे ठेवूनही जो त्याला चकवतो, तो खरा लेखक.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गावच्या वाचनालयात डोकावा आणि अशी एक कादंबरी घरी आणा. रात्री जेवणे झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवून कोणी तरी मोठ्याने वाचावी. शाळेतली पोर वाचील तर फारच उत्तम. शेवटचे प्रकरण आले की पुस्तक मिटा. आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाने सांगावे, कोणी केले आणि का केले. पण अट एकच. जो नाव घेईल, त्याने पुरावाही द्यायचा.