बदलीचा हुकूम

बदलीचा हुकूम आला की आम्ही प्राध्यापक मंडळी दोन दिवस कुरकुरतो आणि तिसऱ्या दिवशी वळकटी बांधतो. सेंट लुईसचा कर्ट फ्लड मात्र हटून बसला. बेसबॉलच्या मैदानात पार मागे, मधोमध उभा राहून झेल घेण्यात त्याची मोठी ख्याती. बारा हंगाम खेळल्यावर १९६९ साली मालकांनी त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. करारच तसा, जन्माचा! अहो, आपला सालगडीसुद्धा पाडव्याला धनी बदलतो. लाखाच्या घरातल्या डॉलरांवर पाणी सोडून हा पठ्ठ्या कोर्टात गेला. १९७१ साली वॉशिंग्टनकडून अवघे १३ सामने खेळून त्याने खेळ सोडला. १९७२ साली सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. १९७५ साली दुसऱ्या दोघांच्या तक्रारीवर लवादाने ती बेडी तोडली. पुढचे खेळाडू गबर झाले. फ्लडच्या पदरात त्यातला छदामही पडला नाही.