लहान पटाची शाळा जोखताना

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेची, म्हणजे जिथे सातवीपर्यंतचे, क्वचित आठवीपर्यंतचे वर्ग चालतात अशा शाळेची, गुणवत्ता ठरवणे हा केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग असला, तरी ते मुळात एक कसब आहे. प्रपत्र बिनचूक भरता येणे आणि शाळा ओळखता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेचा पट, म्हणजे दाखल विद्यार्थ्यांची संख्या, जितका लहान असेल तितके या दोहोंमधले अंतर वाढत जाते. मोठ्या शाळेत आकडे निदान काही प्रमाणात बोलतात. आठ-दहा मुलांच्या वर्गात मात्र आकड्यावर विसंबणारा तपासनीस चांगल्या शाळेला वाईट आणि वाईट शाळेला चांगली ठरवून मोकळा होण्याचा धोका फार मोठा असतो.

हे वर्ग लहान का राहतात, हे आधी समजून घ्यावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या २००९ च्या अधिनियमाने, पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन टप्पे मानले; महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पाचवीपासून वर्ग चालवत आलेल्या आहेत. त्यामुळे मोठ्या गावात हायस्कूल असले की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुले चौथीनंतर तिकडे वळतात, ज्यांना परवडते ते पालक बारामती शहरातील किंवा इंदापुरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस धरतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला बहुधा अशीच मुले उरतात ज्यांच्या घरून रोजचा प्रवास जमत नाही, जी शेतमजुरांची किंवा मेंढपाळांची आहेत, किंवा ज्या मुलींना लांब पाठवायला घरचे कचरतात. कमी पट हा पुष्कळदा शाळेच्या कामाचा परिणाम नसून तिच्या भोवतालच्या व्यवस्थेचा परिणाम असतो. पटाची घसरण पाहून शाळेवर शेरा मारण्याआधी हा फरक ध्यानात घेतला नाही, तर निदानच चुकते.

आता आकड्यांकडे. नऊ मुलांच्या सातवीत एक मूल म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक. एक हुशार मुलगी वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी गेली किंवा परीक्षेच्या दिवशी एकाला ताप आला, तरी वर्गाचा निकाल दोन आकडी टक्क्यांनी हलू शकतो. हा केवळ अनुभव नव्हे, गणित आहे. सरासरीतील आपोआप येणारे हेलकावे संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतात, हे अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवले होते. मुलामुलांच्या गुणांतील फरक सर्वत्र सारखाच धरला, तर सोळा मुलांच्या वर्गाची सरासरी चौसष्ट मुलांच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा दुप्पट हेलकावते, शिक्षक तोच आणि शिकवणे तेच असले तरीही. अमेरिकेतील थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शाळांच्या गुणांवरून २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा रोख हाच होता: उत्तम शाळांच्या यादीत वर लहान शाळा अधिक दिसतात, आणि खालीही त्याच अधिक दिसतात. तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षेत यंदा तीन मुले पात्र ठरली आणि गेल्या वर्षी एकही नव्हते, एवढ्यावरून लहान शाळा सुधारली असे म्हणणे आणि उलट झाल्यास ती ढासळली असे म्हणणे, दोन्ही सारखेच निराधार आहे.

मोठ्या सर्वेक्षणांचा आधारही इथे फारसा लाभत नाही. ‘असर’ हे प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे सर्वेक्षण मुलांना शाळेत नव्हे तर घरी जाऊन वाचायला लावते, ज्यामुळे त्या दिवशी शाळेत न आलेले मूलही मोजले जाते; ही त्याची मोठी शक्ती आहे, पण ते जिल्ह्याचे किंवा राज्याचे चित्र देते, एका शाळेचे नाही. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेले राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणही निवडक शाळांच्या नमुन्यावरच उभे होते. ‘शाळासिद्धी’ हा २०१५ मध्ये आलेला स्वयंमूल्यमापनाचा आराखडा सात क्षेत्रे आणि सेहेचाळीस मानके समोर ठेवतो व शाळेला स्वतःकडे पाहायला लावतो हे चांगलेच आहे; तथापि त्यातील पुष्कळ मानके सोय, आराखडा आणि नोंद यांभोवती फिरतात, आणि लहान शाळेत नोंद ठेवणारा व शिकवणारा माणूस एकच असल्याने चांगली नोंद म्हणजे कधीकधी गेलेला तास असतो.

या प्रदेशात गुणवत्तेची खरी कसोटी लागते ती दिवाळीनंतर. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी अशा सहकारी साखर कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू झाले, की बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि त्या कोप्यांत सहा ते चौदा वर्षांची मुलेही असतात. ती धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी आणतात, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात. पहाटे आईबाप फडात गेल्यावर त्यांना शाळेत आणणारे कोणी नसते. या मुलांना शाळेशी जोडून ठेवण्यासाठी साखरशाळा झाल्या, मूळ गावी हंगामी वसतिगृहे आली, आणि मुलाची शैक्षणिक पातळी त्याच्यासोबत प्रवास करावी म्हणून शिक्षण हमी कार्डाची योजनाही आली. तरीही शेवटचा निर्णय त्या वस्तीजवळच्या लहान शाळेच्या मुख्याध्यापकाच्याच हाती राहतो: कोप्यांवर जायचे की नाही, मुलाला बाकावर बसवायचे की नाही.

कायद्याचे चौथे कलम सांगते की शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करून इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे. ज्या शाळेने हे मनापासून केले, तिच्या सहावीत नोव्हेंबर महिन्यात अकरा-बारा वर्षांची अशी दोन-तीन मुले येतात ज्यांना जोडाक्षरे वाचता येत नाहीत. वर्गाची सरासरी खाली जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती मुले वार्षिक मूल्यमापनाच्या आतच निघून जातात, त्यामुळे हजेरीही बिघडते. ज्या शाळेने कोप्यांकडे पाहिलेच नाही, तिचे कागद मात्र स्वच्छ राहतात. सरासरीने तुलना करणारी कोणतीही पद्धत या दोन शाळांमध्ये दुसरीला वर ठेवील, आणि हा अन्याय नुसता शाळेवर नसून थेट त्या मुलांवर आहे. म्हणून या दोन तालुक्यांत शाळा पाहायची तर जूनमधील प्रवेशोत्सवाला किंवा २६ जानेवारीला नव्हे, कारखान्याचा भोंगा सुरू झाल्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी पाहावी, आणि वर्गात शिरण्याआधी जवळच्या तळावर जाऊन दिवसा तिथे किती मुले आहेत हे बघून यावे.

पट हा शब्द किती फसवा असू शकतो याचा धडा राज्याने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांच्या पटपडताळणीत घेतला; दुसऱ्या शाळेत तेच मूल पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली होती. त्या मोजणीने पटावरचे मूल खरोखर आहे का, एवढेच विचारले. ते मूल काय शिकते आहे, हा पुढचा प्रश्न तितक्याच हट्टाने विचारला जायला हवा.

लहान वर्गाचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. नमुना निवडण्याची गरजच उरत नाही. नऊ मुलांपाशी दहा-दहा मिनिटे बसले, तर दीड तासात सगळा वर्ग ऐकून होतो. शिक्षक साहजिकच ज्याला पुढे करतात त्या मुलापासून सुरुवात करू नये. हजेरीपटावर ज्याचे खाडे अधिक, त्याच्यापासून करावी. वाचायला पाठ्यपुस्तकातील धडा देऊ नये, कारण तो पुष्कळांना ऐकून पाठ झालेला असतो. बियाण्याच्या पिशवीवरील सूचना किंवा दैनिकातील चार वाक्यांची बातमी द्यावी, आणि वाचून झाल्यावर ‘यात काय सांगितले आहे, तुझ्या शब्दांत सांग’ एवढेच म्हणावे. गणितात पाढ्यांपेक्षा अपूर्णांक अधिक सांगतात, कारण पाचवी ते सातवी या वर्षांत गणिताची वाट जिथे चुकते ते वळण बहुधा तेच असते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती, असे विचारले की अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन छेद पाच असे उत्तर अनेक मुले देतात. उत्तर चुकले हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचा असतो त्यानंतरचा प्रश्न: अर्ध्या भाकरीत आणखी थोडी भाकरी मिळवली, तर उत्तर अर्ध्याहून जास्त यायला हवे की कमी? या प्रश्नावर जे मूल थबकते, स्वतःच्या उत्तराकडे पुन्हा पाहते आणि ‘हे बरोबर नाही’ म्हणते, त्याला कोणीतरी विचार करायला शिकवले आहे. आणि जे मूल बरोबर उत्तर देऊनही या प्रश्नाने गोंधळते, त्याला केवळ रीत दिली गेली आहे.

वह्यांचेही असेच. सर्व नऊ वह्यांत एकच उत्तर, त्याच शब्दांत आणि त्याच चुकांसह असेल, तर तो फळ्याचा उतारा आहे, मग अक्षर कितीही सुंदर असो. उलट खाडाखोड असलेल्या वहीत शिक्षकाच्या लाल शाईने ‘हे कसे काढलेस?’ असे विचारलेले आणि त्याखाली मुलाने पुन्हा सोडवलेले उदाहरण आढळले, तर त्या एका पानावर शाळेविषयी जितके कळते तितके बोलक्या भिंती पाहूनही कळत नाही. विज्ञानाच्या साहित्याची पेटी उघडायला लावावी आणि मुलांनाच ती वापरायला सांगावी. कुलपाची किल्ली शोधावी लागली तर शेरा तिथेच ठरतो.

शाळेने मुलांना त्यांच्या परिसराशी जोडले आहे का, हे समजून घेण्यास या भागासारखा भाग शोधून सापडणार नाही. भाटघरच्या पाण्यावर चालणारा आणि १८८५ पासून वाहणारा नीरा डावा कालवा या मुलांच्या गावांजवळून जातो. त्याच्या भिजक्षेत्रात ऊस आहे, तर त्याच बारामती तालुक्याच्या सुपे-मोरगावकडील जिरायत पट्ट्यात, म्हणजे पावसावर अवलंबून असलेल्या शेतीच्या भागात, बाजरी आणि पाण्याची वाट पाहणे. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा फुगवटा आहे, त्याखाली गेलेल्या गावांची पुनर्वसित वस्ती आहे, आणि भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. सातवीच्या मुलाला ‘आपल्या तालुक्यात एकीकडे ऊस आणि दुसरीकडे बाजरी का?’ असे विचारावे. ‘तिकडे पाऊस पडत नाही’ हे उत्तर अपुरे आहे, कारण पाऊस दोन्हीकडे कमीच. ज्या वर्गात कोणीतरी कालव्याचे नाव घेते, त्याच्यावर दुसरे मूल ‘आमची जमीन कालव्याच्या वर आहे, पाणी चढत नाही’ असे म्हणते, आणि तिसरे जास्त पाण्याने क्षारपड झालेल्या रानाची आठवण करून देते, त्या वर्गात भूगोल शिकवला गेला आहे यात शंका नाही.

एवढे सगळे पाहिल्यावरही शाळेला काय मिळाले आणि तिने त्याचे काय केले, हे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात. कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिहींसाठी किमान एकेक शिक्षक सांगितला आहे, तसेच वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० अध्यापन तास. प्रत्यक्षात शिक्षकसंख्या ठरते ती संचमान्यतेने, म्हणजे पटाच्या आधारे मंजूर होणाऱ्या पदांच्या हिशेबाने, आणि पट कमी झाला की पदही जाते. संचमान्यतेचे निकष बदलणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या उच्च प्राथमिक वर्गांची चिंता त्यामुळेच वाढली. जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे विज्ञान मागे पडले तर तो दोष शिक्षकाच्या खात्यावर लिहिणे न्याय्य नाही. आणि जिथे तिघेही पदावर आहेत, मुले बारा आहेत आणि तरी चौघांना परिच्छेद वाचता येत नाही, तिथे अडचणींची यादी ऐकून घेणेही योग्य नाही. अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालाने मुलांच्या संपादणुकीत घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असल्याचे दाखवले, पण त्याचा आधार घेऊन शाळेने हात झटकावेत असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

मुलींच्या हजेरीकडे मात्र स्वतंत्रपणे पाहायला हवे. प्रपत्रात स्वच्छतागृह ‘आहे’ असते; सातवीच्या मुली दर महिन्याला ठरावीक अंतराने दोन-तीन दिवस गैरहजर दिसत असतील, तर तिथे पाणी नाही, कडी नाही किंवा किल्ली शिक्षकाकडे आहे, असे समजून चौकशी करावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात हा नियम आहे. त्या महिलांपैकी एखादीला विचारल्यास मुलींच्या या गैरहजेरीचे कारण कागदाआधी कळते.

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण हाती लागत नाही असे मांडले होते. कोपीवरचे मूल वर्गात घेणाऱ्या लहान शाळेत या तिन्ही बाजू एकाच खोलीत भेटतात, आणि म्हणूनच तिच्या शेरेपुस्तकात ‘प्रगती समाधानकारक’ हे दोन शब्द लिहून निघून येणे हे कर्तव्यात कसूर करणे आहे. शेरा मुलांच्या नावांनी लिहिला जावा: कोणाला जूनमध्ये काय येत नव्हते, आता काय येते, कोणासाठी पुढच्या भेटीपर्यंत काय करायचे ठरले. आणि सातवी-आठवीचा दाखला देऊन झाला की काम संपले असे केंद्रप्रमुखांनी मानू नये. एक-दोन वर्षांनी जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन नववीच्या हजेरीपटावर त्या शाळेची नावे शोधावीत, त्यांतली किती टिकली आणि कोणत्या मुली गळाल्या हे पाहावे, आणि ती यादी घेऊन मूळ शाळेत परत जावे.